वामनदादांचा आवाज आधी वाचवा

वामनदादा कर्डकांचा विषय नाशिकमध्ये निघाला की चर्चा ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबते: स्मारक कुठे, केवढे आणि कोणाच्या निधीतून. १५ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आणि १५ मे हा स्मृतिदिन. वर्षातून दोनदा ही मागणी होते आणि तिच्यात गैर काहीच नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला एक पोरगा पुढे महाराष्ट्राचा लोककवी झाला आणि २००४ साली त्याने नाशिकमध्येच शेवटचा श्वास घेतला. जिल्ह्याने त्याची खूण जपायलाच हवी. प्रश्न क्रमाचा आहे. सार्वजनिक पैसा आणि कार्यकर्त्यांची ताकद आधी कशावर लावायची? माझ्या मते ती लावायला हवी घराघरांत पडून असलेल्या कॅसेटींवर, वह्यांवर आणि दादांच्या चाली अजून तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या माणसांवर. सभागृह दहा वर्षांनीही बांधता येईल. कॅसेटमधली फीत तेवढी थांबेलच याचा भरवसा नाही, आणि माणसांचा तर त्याहून नाही.

दादांच्या बाबतीत आवाज आधी का, याचे उत्तर त्यांच्या घडणीतच आहे. मोठे होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना एकाने पत्र वाचून घ्यायला आणले आणि ते वाचता आले नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांच्याकडून मुळाक्षरे गिरवून घेतली. पुढचा सराव झाला तो दुकानांच्या पाट्या वाचत. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. म्हणजे कान आधी तयार झाला, हात मागून आला. चाल डोक्यात घोळत असताना तिच्यावर शब्द बसवणाऱ्या कवीचे कागदावरचे गाणे हे अर्धेच गाणे असते. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे त्यांचे संग्रह छापले गेले, अभ्यासकांनी पुढे आणखीही रचना जमवल्या. ते काम मोलाचे आहे आणि ते चालूच राहायला हवे. पण छापील पानावर चाल नसते, ठेका नसतो, ध्रुवपद कुठे दोनदा घ्यायचे आणि मागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी कोणत्या शब्दावर उचल घ्यायची हेही नसते.

नाशिक जिल्ह्यात तर या गाण्याला शंभर वर्षांच्या आसपासची पार्श्वभूमी आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. वर्तमानपत्र न पोहोचणाऱ्या वस्त्यांत ही चळवळ नेली ती जलशांनी, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या पथकांनी. सत्यशोधक जलशांनी तमाशाची मांडणी ठेवून आशय बदलला होता. तीच वाट आंबेडकरी जलशांनी पुढे नेली आणि त्यात भीमराव कर्डकांचा जलसा याच जिल्ह्यातला. ढोलकी, हलगी, डफ, तुणतुणे, झांज, पेटी एवढ्या सामानावर रात्र जागवली जायची. वामनदादा त्यानंतरचे. समता सैनिक दलातून आलेले, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध आणि भीम एकाच गाण्यात गुंफणारे. त्यांनी जलशाचा वारसा गायन पार्टीत आणला. लावणी, पोवाडा, ओवी, कव्वाली, गझल, सिनेमाची चाल, जे लोकांच्या ओठावर होते ते सगळे त्यांनी कामाला लावले. एका माणसाच्या गाण्यांतून महाराष्ट्राच्या अर्धशतकाच्या गाण्याचा नकाशा काढता येईल, पण तो काढायला ऐकण्याजोगे ध्वनिमुद्रण हाताशी हवे.

एक ओळ जवळून पाहू. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' ही ओळ जयंतीच्या दिवशी नाशिक रोडपासून मालेगावपर्यंत ऐकू येते. ती आनंदकंद वृत्तात बसते: गागालगा लगागा, गागालगा लगागा. 'ल' म्हणजे एका मात्रेचा लघू, 'गा' म्हणजे दोन मात्रांचा गुरू. बारा आणि बारा अशा २४ मात्रा. उत्तरार्धातल्या 'जर' आणि 'अस' या दोन-दोन लघूंच्या जोड्या एकेका गुरूच्या जागी आल्या आहेत, म्हणजे मात्रेला मात्रा चुकती केलेली आहे. वृत्तशास्त्र न शिकलेल्या माणसाच्या कानाचा हा हिशोब. आता समजा, एखाद्या गायकाने आदरापोटी 'तुझ्या'च्या जागी 'तुमच्या' म्हटले. तीन मात्रांच्या चार झाल्या, ओळ २५ वर गेली आणि ढोलकीवाल्याला समेवर येताना ओढाताण करावी लागली. मग ती भरून काढायला पुढचा गायक 'भीमा'चे 'भिमा' करतो. हातोहात असे चारदा झाले की मूळ पाठ कोणता हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. दादांच्या स्वतःच्या आवाजातली किंवा त्यांच्या साथीदारांची जुनी कॅसेट असेल तरच ते ठरते.

दुसरा तोटा नाममुद्रेचा. संतांच्या अभंगापासून शाहिरांच्या कवनापर्यंत शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव गुंफायची आपली रीत आहे. दादांनी ती पाळली आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' येऊ दिले. छापखाना नसलेल्या गायकांच्या जगात मालकीची नोंद हीच. पण व्यासपीठावर वेळ संपत आला की कापले जाते ते शेवटचे कडवे. मिरवणुकीतल्या डीजेच्या मिश्रणात तर ध्रुवपद आणि एक कडवे एवढेच उरते, त्याला ढोल आणि बास जोडलेला असतो. मग ते गाणे इंटरनेटवर चढते आणि खाली नाव असते गायकाचे, संगीत-मिश्रकाचे, वाहिनीचे. कवीची जागा रिकामी, नाहीतर 'पारंपरिक'. ज्या माणसाला जाऊन अजून पाव शतकही झालेले नाही, ज्याच्या पंक्तीत बसलेली माणसे आज जिवंत आहेत, त्याचे गाणे पारंपरिक ठरावे हे मला सहन होत नाही. हा अन्याय कोणी मुद्दाम करत असेल असे नाही, नोंद नसली की तो आपोआप होतो.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे 'सगळे यूट्यूबवर आहे की'. आहे ते काय आहे, हे नीट पाहावे. बहुतेक चढवलेल्या गाण्यांत कॅसेट घरच्या टेपवर वाजवून मोबाइलने टिपलेली असते किंवा एमपीथ्रीची एमपीथ्री केलेली असते. प्रत्येक वेळी दाबताना वरचे स्वर जातात, झांजेची धार जाते आणि 'स' 'श' यांतला फरक बोथट होतो. कार्यक्रम कुठला, साल कोणते, पेटीवर कोण, काही नसते. शिवाय एखादी वाहिनी बंद झाली किंवा कोणी हरकत घेतली की ते एका रात्रीत गायब होते. दुकानात माल ठेवणे वेगळे आणि कोठारात धान्य जपणे वेगळे. प्रसाराचे काम ती माध्यमे उत्तम करतात, जतनाचे काम त्यांचे नव्हेच.

जतन म्हणजे नेमके काय करायचे, हे इथे तपशिलाने सांगायला हवे, कारण 'डिजिटायझेशन करू' एवढ्या दोन शब्दांवर बैठका संपतात आणि मग कोणीतरी कॅसेटींचे पोते एखाद्या दुकानात देऊन पेनड्राइव्ह घेऊन येतो.

साध्या कॅसेटमधली फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. एवढ्याशा रुंदीत दोन बाजूंचे मिळून चार पट्टे असतात. सी-६० ची, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटीची, फीत साधारण १८ मायक्रॉन जाड, सी-९० ची १२ आणि सी-१२० ची अवघी ९. रात्रभराचा कार्यक्रम टिपणाऱ्यांनी साहजिकच लांबीची कॅसेट घेतली, आणि तीच आज आधी ताणली जाते, यंत्रात गुंतते. पातळ फितीत आणखी एक दोष येतो. वर्षानुवर्षे एकावर एक गुंडाळून राहिलेल्या वेटोळ्यांचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो, म्हणून गाणे सुरू होण्याआधी त्याच गाण्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. तो यंत्राचा दोष समजून कोणी खटपट करत बसू नये.

कॅसेट हाती आली की ती लगेच वाजवायची नाही, आधी पाहायची. कडेच्या खिडकीतून फितीच्या काठावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या मातीच्या आणि पत्र्याच्या घरांतून आलेल्या कॅसेटींत ती असणारच. अशी कॅसेट वाजवली तर बुरशी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर चढते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. ती वेगळ्या पिशवीत बंद करायची, कोरड्या जागेत सुकू द्यायची आणि नाकाला मास्क लावून, उघड्यावर, मऊ ब्रशने साफ करायची. कॅसेटीच्या मधोमध पितळी पट्टीवर एक लोकरीची छोटी गादी असते, ती फीत हेडवर दाबून धरते. डिंक सुकला की ती गळून पडते. मग आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात कॅसेट गेली. कॅसेट शाबूत असते, गादीच तेवढी गेलेली असते. पाच स्क्रूंची नवी कोरी कॅसेट घ्यायची, तिच्यातली फीत काढून जुनी फीत तिच्या कवचात बसवायची, काम झाले. चिकटवून बंद केलेली कवचे मात्र जोडावरून हळूच उघडावी लागतात, त्यात घाई केली की फीत चिरते. तुटलेली फीत जोडायला जोडकामाचीच पट्टी हवी. सेलोटेपचा डिंक काही महिन्यांत बाजूला पाझरतो आणि शेजारची वेटोळी चिकटतात.

वाजवायचे ते चांगल्या, दुरुस्त केलेल्या कॅसेट डेकवर. जुन्या डेकचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो आधी बदलायचा. नाहीतर लांब स्वर थरथरतात आणि दोष गायकाच्या नावावर जातो. प्रत्येक कॅसेटीनंतर हेड, फिरणारा दांडा आणि रबरी चाक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्यायची, म्हणजे घट्ट बसलेली वेटोळी सुटतात. मग येते सगळ्यात जास्त दुर्लक्षिले जाणारे काम, हेडचा कोन. ज्या टेपवर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्याचे हेड किंचित तिरके असेल तर आपल्या सरळ हेडवर ते मंद ऐकू येते. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने कोन कानाने जुळवायचा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकायचे आणि झांज जिथे सर्वांत लख्ख वाजते तिथे थांबायचे. हे प्रत्येक कॅसेटीला, आणि बाजू बदलली की पुन्हा. गोंगाट कमी करणारी बटणे बंद. मूळ मुद्रण त्याच पद्धतीने झाले आहे याची खात्री असेल तरच ती लावायची.

संगणकावर घ्यायचे ते २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह स्वरूपात, काहीही न दाबता, काहीही न गाळता. सर्वांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या सहा डेसिबल खाली राहील असे ठेवायचे, कारण एकदा फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. खरखर काढणे, आवाज उठावदार करणे हे सगळे नंतर, दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

वेगाचा प्रश्न गावोगावच्या मुद्रणांत फार येतो. सेल उतरत आलेल्या टेपवर मुद्रण झाले असेल तर त्या वेळी फीत हळू सरकलेली असते. आज ती बरोबर वेगाने वाजवली की गाणे चढ्या पट्टीत आणि आवाज बारीक. दादांचा आवाज मुळात कसा होता हे ठरवायला दोन साक्षीदार त्याच कॅसेटीत असतात. एक पेटी. तिचे सूर ठरलेले असतात, त्यामुळे पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध वाजताना दिसली तर वेगात साधारण तीन टक्के फरक आहे असे समजायचे, कारण पूर्ण एका पट्टीचा फरक म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. दुसरा साक्षीदार विजेच्या अँप्लिफायरची घरघर. ती ५० हर्ट्झ आणि तिच्या दुपटीला, १०० ला, असायला हवी. ५३ ला दिसली तर फरक सहा टक्क्यांचा, म्हणजे पूर्ण एका पट्टीचा. गावाकडची वीज आणि जुन्या पेटीचे सूर दोन्ही थोडे इकडे-तिकडे असतात, म्हणून दोन्हींचा मेळ बसला तरच वेग बदलायचा, आणि तोही प्रतीत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. गाण्यांच्या मधले बोलणे कापू नका. 'अमुक गावच्या मित्रमंडळाकडून शाहिरांना अकरा रुपये बक्षीस', 'माइकवाल्यांनी आवाज वाढवावा', 'उद्या तमुक गावी कार्यक्रम आहे' ही वाक्ये ऐकणाऱ्याला कंटाळवाणी वाटतात, पण साल आणि ठिकाण लिहून न ठेवलेल्या कॅसेटीची जन्मतारीख तिथेच सापडते. दादा गाण्याआधी दोन शब्द बोलले असतील तर तो त्या गाण्याचा एकमेव अस्सल खुलासा असू शकतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घ्यायचे. नोंदीत कॅसेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो, गायक, कवी, वाद्ये, कोणती चाल, किती कडवी, शेवटी नाममुद्रा आहे की नाही, आणि कॅसेट कोणत्या घरातून आली, एवढे हवेच.

वह्यांचे काम तुलनेने सोपे. पान दाबून सपाट करायचे नाही, लॅमिनेशन अजिबात नाही, फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी नाही. मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत प्रत्येक पानाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. खोडलेले शब्द महत्त्वाचे, कारण मात्रा जुळवताना कवीने काय टाकले आणि काय घेतले ते तिथेच कळते. दादा आयुष्यभर फिरतीवर होते, मुक्काम कार्यकर्त्यांच्या घरी, आणि गाणी त्यांनी मागेल त्या गायकाला दिली. त्यामुळे त्यांच्या हातचा कागद कोणत्या तालुक्यातल्या ट्रंकेत निघेल हे सांगता येत नाही.

सर्वांत घाईचे काम माणसांचे. दादांबरोबर गायलेले, त्यांच्याकडून थेट चाल घेतलेले गायक, ढोलकीवाले, झीलकरी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतो, पण दोन तास शांतपणे बसवून टिपून घेत नाही. टिपताना चित्रफीत घ्यावी, कारण ढोलकीवरचा हात नुसत्या आवाजातून कळत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, माइक तोंडापासून वीतभर. एकच गाणे सिन्नरच्या आणि येवल्याच्या गायकाकडून वेगवेगळे घ्यावे आणि प्रत्येकाला विचारावे: हे कोणाकडून घेतले? पाठभेद पुसायचे नाहीत, दोन्ही ठेवायचे. बायकांकडे वेगळे जायला हवे. भीमगीतांचा मोठा साठा विहारातल्या महिला मंडळांच्या गळ्यात आहे आणि त्यांच्याकडे माइक क्वचितच पोहोचतो. हे होण्यासारखे आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत, आणि आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी ऐकता-वाचता येतात. शेतात राबणाऱ्या, नाव न छापलेल्या बायकांच्या ओव्यांना हे मिळू शकते, तर महाकवी म्हणून गौरवलेल्या माणसाच्या गाण्यांना नाशिकने ते का देऊ नये?

'लोकगाणे बदलतच राहणार, ते डबीत कशाला बंद करता?' असा आक्षेप लोककलेच्या जाणकारांकडूनही येतो. बदलू द्या. नव्या पोरांनी रॅपमध्ये घ्यावे, बँडवर वाजवावे, दादांनी स्वतः सिनेमाच्या चाली घेतल्याच होत्या. मूळ मुद्रण जपल्याने कोणाचा गळा बांधला जात नाही. उलट बदल नेमका काय झाला हे मूळ हाताशी असले तरच दिसते.

कायद्याची बाजू या सगळ्याला अनुकूल आहे, आणि संस्था कुठे उभारावी हेही त्यातून सुचते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या रचनेवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे दादांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत तो आहे. ही गाणी कोणाचीच नाहीत असे समजून वापरणारे चुकतात. कलम ५७ प्रमाणे रचनेवर कवीचे नाव लागावे आणि तिची मोडतोड होऊ नये हा हक्क त्याचे कायदेशीर वारस बजावू शकतात. कलम ३१ सी प्रमाणे जुन्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण काढणाऱ्याला आधी नोटीस आणि मानधन द्यावे लागते, आणि संमतीशिवाय तांत्रिक गरजेपलीकडे शब्द बदलता येत नाहीत. वस्तीतल्या मंडळांच्या मागे लागण्यासाठी हे हत्यार वापरू नये, त्यांच्यामुळेच ही गाणी जिवंत आहेत. पण पैसे मिळवणाऱ्या कंपन्यांनी आणि वाहिन्यांनी 'गीत: वामनदादा कर्डक' एवढी ओळ लिहावी, हे मागायला कोणाची हरकत असावी?

त्याच कायद्यातले कलम ५२ सांगते की ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणे हा हक्कभंग नाही. म्हणून हा संग्रह एखाद्या खासगी प्रतिष्ठानात, नेत्याच्या कार्यालयात किंवा हौशी संग्राहकाच्या घरी नको, सार्वजनिक ग्रंथालयात हवा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे ध्वनिचित्रणाचे काम करणारी यंत्रणा आहे. ग्रंथालयाने मूळ वस्तू आणि नोंदवही सांभाळावी, विद्यापीठाने तांत्रिक काम करावे, आणि कोणते गाणे कोणाला ऐकायला खुले करायचे याचा निर्णय वारस, चळवळीतले गायक आणि ग्रंथालय यांच्या छोट्या समितीने घ्यावा. इंटरनेटवर ठेवण्यासाठी वारसांची लेखी परवानगी लागेल, जतन करायला तिची वाट पाहावी लागत नाही.

काम किती मोठे आहे? समजा, एक तासाच्या ५०० कॅसेटी जमल्या. वर सांगितलेल्या दर्जाने एका तासाला दोन जीबीहून थोडी जास्त जागा लागते, म्हणजे सगळे मिळून एक टेराबाइटच्या आसपास. तीन प्रती करायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक नाशिकबाहेर. वेळेचा अंदाज धरताना एका तासाच्या कॅसेटीला तपासणी, साफसफाई, वाजवणे आणि नोंद मिळून तीन तास धरावेत. १,५०० तास, रोज सहा तास काम, म्हणजे २५० दिवस. एक शिकलेला तंत्रज्ञ आणि गाण्यांची जाण असलेला एक नोंद करणारा, दोघांचे वर्षभराचे काम. खर्चाचा मोठा भाग या दोघांच्या पगाराचा. संस्थेची पायाभरणी, कोनशिला, उद्घाटन यांची गरजच पडत नाही, आणि कदाचित म्हणूनच हे काम मागे पडते.

स्मारकाच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मी मनापासून मानतो. ज्या शहरात देवळाच्या दारासाठी पाच वर्षे लढावे लागले, तिथे चौकात, रस्त्यावर, इमारतीवर आपल्या माणसाचे नाव दिसणे ही दिखाव्याची बाब नाही. शालिमारच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर उभे राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून माझी मागणी स्मारक नको अशी नाही. स्मारकाच्या प्रत्येक ठरावात पहिले कलम ध्वनिसंग्रहाचे असावे, त्याचा निधी वेगळा दाखवलेला असावा आणि बांधकाम रखडले तरी तो थांबू नये. उद्या सभागृह झालेच, तर त्यात लावायला दादांचा आवाज तरी असेल.

तोवर ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांनी करायचे ते असे. कॅसेटीच्या वरच्या कडेला डावी-उजवीकडे दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. कॅसेट डबीत, उभी ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको, स्पीकरजवळ नको, कारण त्यातले चुंबक आवाज पुसते. बुरशीचा संशय असेल तर वाजवू नका. वेष्टनावरची चिठ्ठी फेकू नका, आणि कार्यक्रम कुठला, साल कोणते, कोणी टिपला, घरातल्या ज्येष्ठांना आठवेल तेवढे आजच कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा. एखादी संस्था मागायला आली तर मूळ कॅसेट द्यायला हरकत नाही, पण कॅसेटीची संख्या आणि वर्णन लिहिलेली पावती घ्या आणि तिच्यावर एक अट लिहून घ्या: डिजिटल प्रत झाल्यावर एक प्रत घरच्यांना परत.